हेमावतीची डावी बाजू

चोवीस वर्षांत हेमावतीनं स्वतःला बाजूनं कधी पाहिलं नव्हतं, आणि गेल्या आठवड्यापासून तिला दुसरं काही बघायचंच नव्हतं. दोन आरसे धरून घरभर गिरक्या. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खालच्या जबड्याचं हाड दोन्हीकडून कापून पाऊण बोट मागं सरकवलं, वरखालचे दात तारेनं बांधले. सहा आठवडे ती ताकावर नि आंबिलीवर जगली. तार सुटली, सूज उतरली, आणि उंबऱ्यासारखी पुढं आलेली हनुवटी ओठाखाली निमूट बसली. नाकसुद्धा उगाच तरतरीत दिसायला लागलं.

नागम्मा आत्या चुलीपाशी जुळवत होती,

"नाकाच्या खाली ओठ, ओठाच्या खाली दाणा,
भावाच्या लेकीचा माझ्या, आरशापुढं धिंगाणा."

"गप की आत्या. हसलं की दुखतंय."

मैंदर्गीच्या शाळेत बदलीवर एकटे राहणारे शिवयोगी मास्तर, त्यांनी लग्नासाठी फोटो मागवला होता. फोटोनं तिचं दोनदा वाटोळं केलं होतं. स्टुडिओवाले नबीसाब काळ्या पडद्यापुढं फोटो काढायचे आणि निगेटिव्हवर बारीक पात्यानं तिची हनुवटी खरवडायचे; खरवडलेली जागा छापताना पडद्यात काळी मिसळून जायची. सारं मायेपोटी. फोटो पाहून मुलाकडचे धावत यायचे आणि ही चहा घेऊन आली की फोटोतली मुलगी अजून आतच आहे असं समजून दाराकडं बघत बसायचे.

"चाचा, या वेळी बाजूनं," हेमावतीनं बजावलं. "आणि पात्याला हात लावायचा नाही."

"तौबा, बेटी. आता कशाला लावू?"

दुसऱ्या सकाळी फोटो हातात आला. नाक, ओठ, आणि ओठाखाली थेट मोहनमाळ. हनुवटी नव्हतीच.

"आत्ता गं," आत्या म्हणाली. "कोंबडीवानी दिसतीया की."

नबीसाब चष्मा पुसत राहिले. "कसम से बेटी, मी काही केलं नाही. हातानं केलं. बरसांची आदत. तुझा चेहरा समोर आला की पातं आपसूक चालतं."

हेमावतीचे डोळे भरले. मैंदर्गीलाही भलतीच मुलगी जाणार होती. तिनं फोटो परत डोळ्यांसमोर धरला, त्या बिनहनुवटीच्या बाईनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि हिला हसू फुटलं. तोंडावर पदर न घेता, दुखत असताना, ती हसतच सुटली. आत्या हसली, मग चाचाही.

"दुसरा काढतो. उद्या देतो."

"फोटोच नको. आत्या, मैंदर्गीची गाडी किती वाजता?"

"कशाला?"

"मीच जाते. बघू दे त्यांना."

"अगं, पोरगी कधी पोराला बघाया जाती व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"कसं घालतील? आता नीट मिटतंय की."

आत्यानं कपाळाला हात लावला आणि पायांत चपला घातल्या. चाचांनी दुकान बंद केलं. चूक आपली, कबुलीही आपणच देणार म्हणाले.

मैंदर्गीत दार मास्तरांनीच उघडलं. हात पिठानं माखलेले. चाचा कबुलीला सुरुवात करणार, तोच हेमावती पुढं झाली.

"तुम्ही फोटो मागितला होता. तो बिघडला, म्हणून मी आले."

मास्तरांनी तिला समोरून पाहिलं. ती हळूच वळली, डावी बाजू त्यांच्याकडं करून थांबली. मान ताठ, कान लालेलाल.

"आत या," मास्तर म्हणाले. मग जरा घाबरून, "भाकरी येते का तुम्हाला? माझी करपतीय."