लोळायचा सोफा

आमच्या घरात मला कोणी रागावत नाही, ही माझी तक्रार आहे. हसा खुशाल. भोपाळहून मी जबलपूरला माहेरी आले त्याला चार महिने होत आले. माझी आई ओरडली की अधारतालच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून पलीकडे जातात, पण या चार महिन्यांत तिने मला एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. चहा हातात येतो, ताट वाढून येतं. ताट उचलायला गेले की म्हणते, "राहू दे गं, मी करून राहिली ना." पहिला गरम फुलका मला, दह्यावरची साय मला. माहेरवाशिणीचं कौतुक आठवडाभर बरं असतं. महिनोन्‌महिने व्हायला लागलं की आपण पाहुणे आहोत हे माणसाला कळून चुकतं.

मी आले कशी ते सांगून टाकते, उगीच तर्क करत बसू नका. नवऱ्याचं दुसरीकडे जुळलं होतं. त्याने जेवताना सांगितलं. मी ऐकलं, पानातला भात संपवला आणि उठून बॅग भरली. तेव्हापासून मला काही वाटतच नाही. रडू येत नाही, झोप लागत नाही, भूक आहे की नाही तेही समोर ताट आल्यावर ठरवावं लागतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चिन्मयी, एकदा रडून घे, मोकळं वाटेल." म्हटलं, "आलं की रडते, काकू."

माझी जुनी खोली आता अमेयदादा आणि समृद्धीवहिनीची. त्यात कोणाचा दोष नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीला कोणी कुलूप घालून ठेवत नाही. मी हॉलमध्ये गादी टाकून झोपते, म्हणजे पडते. सकाळी दूधवाला यायच्या आत गादी गुंडाळायची आणि कपाटामागे उभी करायची. एक दिवस बाबा त्या गुंडाळीकडे बघत उभे राहिले. बाबांना सगळं जबलपूर भय्यासाहेब म्हणतं, पण ते स्वतः फार बोलत नाहीत. "सोफा घेऊ," ते म्हणाले. "मोठा. चांगलं लोळता येईल असा."

आमच्याकडे सोफा होता, नाही असं नाही. लाकडी, ताठ पाठीचा. त्यावर पाहुणे बसायचे आणि चहा संपला की लगेच उठायचे. घरातलं कोणी त्यावर कधी पाय वर घेऊन बसलं नाही.

"मग सोफा-कम-बेडच घेऊ ना, बाबा," वहिनी म्हणाली. "रात्री उघडायचा, सकाळी मिटायचा. चिन्मयीची सोय होईल, आणि पाहुणे आले तरी..." ती मधेच थांबली. वहिनी वाईट नाही. नागपूरची आहे, जे मनात तेच तोंडात. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रात्री उघडायचं आणि सकाळी मिटायचं, म्हणजे सध्या माझं जे चाललंय तेच की, एवढं माझ्या मनात आलं. म्हटलं, "चालेल. मला काहीही चालेल."

आईने ते ऐकलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. पूर्वीची आई असती तर म्हणाली असती, "काहीही म्हणजे काय गं, पोट्टी? तोंड शिवून ठेवलं काय? नीट सांग काय पाहिजे ते!" मला पाहिजे होतं ते हेच. सोफा नको होता, फुलका नको होता. आईने एकदा पोट्टी म्हणून माझ्यावर खेकसावं. म्हणजे मी अजून या घरातली आहे की नाही, ते तरी मला समजलं असतं. पण असं मागायचं कसं? आई, मला शिव्या दे, असं कोणी म्हणतं का?

रविवारी जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात गेलो. दादाची ड्यूटी होती, म्हणून आम्ही चौघंच. दुकान दोन मजली, आत नुसते सोफेच सोफे. बाबांनी सवयीने दारातच बूट काढले. दुकानदार म्हणाला, "अरे अंकलजी, पहने रहिए." बाबांनी काही ऐकलं नाही. मोजे घातलेल्या पायांनी ते आत आले आणि एका भल्यामोठ्या सोफ्याच्या अगदी कडेला, बँकेत बसतात तसे बसले.

आई कामाला लागली. प्रत्येक सोफ्यावर मूठ दाबायची, लाकडावर टकटक करायची, कापड उलटसुलट चोळायची. "भैया, अंदर भूसा-वूसा तो नहीं भरा?" दुकानदाराने कानाला हात लावला. वहिनी सोफा-कम-बेड उघडून बघत होती आणि तो दर वेळी कर्रकर्र करत होता. मी मधे उभी होते. माझं मत विचारलं की मान हलवत होते. हिरवा? चालेल. राखाडी? चालेल. इतका कंटाळा आला मला माझाच.

"दीदी, आप ज़रा लेटकर देखिए," दुकानदार म्हणाला. "लंबाई समझ में आएगी." समोर एक बदामी रंगाचा होता, एका बाजूने पाय पसरायला लांब केलेला, कापड मऊ, उशा गुबगुबीत. मी चपला काढल्या आणि आडवी झाले. लांबी पुरेशी आहे, असं सांगायचं माझ्या मनात होतं.

जाग आली तेव्हा बाहेरचं ऊन उतरलं होतं. अंगावर वहिनीची शाल होती. बाबा माझ्या पायांशी तसेच कडेला बसले होते. वहिनीने नंतर सांगितलं की मधे दोन गिऱ्हाइकं हा सोफा बघायला आली, तर बाबा हळूच म्हणाले, "ये बिक गया है." दुकानदाराने माझ्या बाजूचा पंखासुद्धा बंद करून दिला होता. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा झोपले, ती गोरखपुरच्या भर बाजारात.

आणि उशीवर माझी लाळ गळली होती! चांगला वाटीएवढा ओला डाग. मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता. आता नक्की. चौतिशीची घोडी चार लोकांसमोर घोरत पडते, परक्याच्या सोफ्यावर लाळ गाळते, आता आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. मी खरंच वाट बघत होते.

आईने पदराच्या टोकाने डाग टिपला. "असू दे गं, असू दे," म्हणाली.

झोपेने जे काय थोडं बरं वाटलं होतं, ते तिथल्या तिथे गेलं. मी शालीची घडी घालत बसले.

"हाच घेऊ," बाबा म्हणाले. वहिनी म्हणाली, "हो, हाच. त्या सोफा-कम-बेडचा दांडा पाठीत टोचते." दुकानदाराला डागाचं काही सांगावं लागलं नाही, त्याने बघितलं होतं.

सोफा घरी आला आणि हॉल भरून गेला. टीव्हीकडे जायचं तर तिरकं होऊन सरकावं लागे. आईने त्यावर दोन जुन्या चादरी घातल्या, चारी बाजूंनी खोचून. माझी गादी माळ्यावर गेली. सगळे म्हणत, "लोळ ना, तुझ्यासाठीच घेतलाय." मी लोळत होते. रात्री थोडी झोपही लागत होती. बाकी सगळं तसंच. चहा हातात, ताट वाढून. पाहुणीला बसायला आधीपेक्षा मऊ जागा मिळाली, एवढाच फरक.

मग तो शनिवार. डोकं खाजत होतं. वहिनीची खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवलेली दिसली. कधीपासून तेल लावलं नव्हतं, तर मी चांगलं ओंजळभर घेऊन थापलं, अगदी कपाळावर ओघळ येईपर्यंत. आत आले आणि सवयीने सोफ्यावर पडले, डोकं उशीवर. चादरी त्या दिवशी धुवायला काढल्या होत्या, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

आई भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आली.

"अगं ए पोट्टी!" ती अशी ओरडली की बाबांच्या हातातला पेपर खाली पडला. "तेलाचं डोकं! नव्या सोफ्यावर तेलाचं डोकं! अक्कल कुठं चरायला गेली तुझी? ऊठ! ऊठ म्हणते ना! कापड आहे ते, फरशी नाही पुसून टाकायला! दिवसभर महाराणीसारखी लोळून राहिली आहे, ना काम ना धाम. काहून लाज नाही वाटत तुला?"

मी उठून बसले. उशीवर तेलाचा हा एवढा गोल. वहिनी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आईचा हात तोंडावर गेला. "नाही गं," ती पुटपुटली, "मी आपलं... तू पड. असू दे."

"असू दे नको!" मी म्हणाले. माझा आवाज भलताच वर गेला. "बोल ना अजून! थांबलीस कशाला? बोल!"

आणि मला रडू आलं. काकूंना कबूल केलेलं ते सगळं आलं, नाकातोंडातून, शेंबूड आणि तेल एक होऊन. मी नवऱ्यासाठी रडत नव्हते. मला इतकं बरं वाटत होतं की मला रडू येत होतं. बाबांनी पेपर उचलला आणि उलटा धरून वाचायला लागले.

आई माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, जवळ घेईल, डोळे पुसेल. तिने पिशवी सोफ्याशेजारी जमिनीवर ओतली, मेथीच्या जुड्या, आणि त्यातली एक माझ्या मांडीवर टाकली.

"रडायचं तर रड. पण निवडता निवडता रड," ती म्हणाली. "आणि माती नीट बघ जरा. मागच्या वेळी सगळी भाजी करकर लागत होती."

मागच्या वेळी, म्हणजे माझ्या लग्नाच्या आधी.