टबातलं तपकिरी पाणी

कूरिंगा गावाच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गव्हाची कापणी आटोपली होती, दूरदूरच्या शेतांवरून माणसं गाड्या भरभरून आली होती आणि सगळ्यांचे डोळे एका प्लास्टिकच्या टबावर खिळले होते. टबात अकरा वर्षांच्या ब्रायोनीचे पाय होते आणि शेजारच्या यंत्राचं वायरला जोडलेलं टोक त्याच पाण्यात बुडवलं होतं. मघाचं नितळ पाणी आधी पिवळट झालं, मग चहासारखं, आणि बघता बघता त्यावर काळपट गाळ तरंगू लागला.

"नीट बघा," अंगातलं विष पायांतून ओढणारं यंत्र घेऊन गावात आलेला डेल्विन क्रॉस म्हणाला. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो कशासाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. "हा पोरीचा राग. काळं दिसतंय ते यकृतातलं. आणि हा फेस थेट मेंदूतून. वरून खाली यायला जरा वेळ लागतो, एवढंच."

मेंदूतली घाण तळपायातून कशी गळते, हे कुणी विचारलं नाही. ब्रायोनीची आई लॉरेल पहिल्या रांगेत होती. तिनंही विचारलं नाही.

ब्रायोनीला सगळं गाव ओळखत होतं. तिनं शाळेची खिडकी फोडली होती, दुकानात जमिनीवर पडून तासभर किंचाळली होती, वर्गातल्या मुलीला कडकडून चावली होती. शहरातल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. गावानं लॉरेलला दोष दिला. आधी वाढदिवसाची बोलावणी थांबली, मग साध्या गप्पा. लॉरेल दुकानात शिरली, की बायकांना एकदम घरची कामं आठवत.

आज मात्र शेजारची ग्वेंडा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुटलीस गं बाई. गुरुवारी चहाला ये. हिलाही आण."

दोन वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. लॉरेलला रडू आवरेना. म्हणूनच डेल्विननं हळूच, "गोळ्या बंद करा, त्या विष पुन्हा भरतात," असं सांगितलं, तेव्हा तिनं मान डोलावली.

गुरुवारचा चहा झाला. ग्वेंडानं केक केला होता. ब्रायोनी दोन तास गप्प बसली आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. ती तीन दिवस झोपली नव्हती, हे फक्त लॉरेलला माहीत होतं.

शुक्रवारी ब्रायोनी धान्याच्या ट्रकपुढे धावत गेली. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला लॉरेल तिला घट्ट धरून बसली.

"आई, डोक्यात सगळे एकदम ओरडतायत," ब्रायोनी म्हणाली.

लॉरेलनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

"पण विष तर निघालं होतं ना गं," घरी आल्यावर लॉरेल स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"माझ्या पायातून नाही निघालं," ब्रायोनी म्हणाली. "तो बोलत होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, तेव्हा मी पाय पाण्याबाहेर उचलून धरले होते. पाणी तरी आणखी काळं होत गेलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

लॉरेल पंप दुरुस्त करायची. खाऱ्या पाण्यात वीज सुटली की लोखंड कसं खाल्लं जातं, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतःचीच तिला लाज वाटली.

पुढच्या रविवारी डेल्विनपुढे रांग लागली होती. ब्रायोनीला सोबत घेऊन आलेल्या लॉरेलनं त्याच्या टेबलावर बादली ठेवली, पाण्यात मूठभर मीठ टाकलं, दोन खिळे सोडले आणि ते गाडीच्या बॅटरीला जोडले.

"तुमचं यंत्रही चालवा," ती म्हणाली. "पायांशिवाय."

"पायांशिवाय यंत्र बिघडतं, बाई."

"मग मी बिघडवते." तिनं टबात त्याच्याच 'समुद्री क्षारां'चा चमचा टाकून बटण दाबलं.

थोड्या वेळानं दोन्हीकडचं पाणी तपकिरी झालं.

"या हॉलमध्येच फार नकारात्मकता साठलीय," डेल्विन म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं वायर गुंडाळायला घेतली.

"हा गंज आहे," लॉरेल लोकांकडे वळून म्हणाली. "यंत्रात लोखंडी पट्ट्या आहेत. मीठ आणि वीज मिळाली की त्या झिजतात. पाय कुणाचेही घाला, नाहीतर भोपळा घाला. यावर विश्वास ठेवून मी गोळ्या थांबवल्या आणि माझी पोर ट्रकखाली जाता जाता वाचली. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका; ज्यामुळे झालं म्हणतात, त्याच्याशिवाय करून बघा. औषध बंद करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ज्याचे पाय टबात आहेत, त्यालाही विचारा."

मग तिचा आवाज खाली आला. "चमत्कार बघायला तुम्ही सगळे आलात. हिचा आजार धुऊन जाणारा नाही. बुधवारी तीनशे किलोमीटरवर डॉक्टरांकडे जायचंय. कुणी सोबत आलं तर बरं होईल."

लोक खुर्च्या सरकवून उठले. ग्वेंडा दाराशी थबकली. "म्हणजे ही बरी होणार नाही?"

"काही दिवस बरे जातील, काही नाही."

"बघते जमलं तर," ग्वेंडा म्हणाली.

बुधवारी सकाळी लॉरेल गाडी सुरू करून वीस मिनिटं फाटकाशी थांबली.

"कुणी येतंय का?" मागच्या सीटवरून ब्रायोनीनं विचारलं.

"नाही गं."

"मग मी पुढे बसते."

गेल्या वर्षी तिनं चालत्या गाडीत स्टिअरिंग ओढलं होतं, तेव्हापासून ती मागेच बसायची. लॉरेलनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवली.