थोपटणारा हात

कडबाकुट्टीच्या यंत्रात उज्ज्वलाचा डावा हात कोपराखाली गेला, तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढं एका संस्थेनं चाचणीसाठी म्हणून तिला नवा हात दिला. त्यात मोटार नव्हती, रबरासारख्या मऊ पट्ट्या होत्या. वीज लागली की त्या आखडायच्या, आणि दाब, ऊब त्यांची त्यांनाच कळायची. त्या हाताला भाकरी थापायला शिकवण्यात तिचे महिने गेले. "माझ्या ताटात रोज नवा नकाशा," असं म्हणून नवरा, अभिमन्यू, हसायचा.

धनश्री झाली आणि हात वेगळाच वागायला लागला. लेकराची ऊब लागली की तो थोपटायचा. दोनदा हलकेच, मग थांबून एकदा, मग पाठीवरून सावकाश खाली. उज्ज्वला असं कधीच थोपटत नव्हती. पण धनश्री त्याच हातावर निजायची. खरा, उजवा हात लावला की अंग ताठ करून रडायची.

उज्ज्वलानं विचारलं तेव्हा संस्थेतल्या मॅडमनी फोनवर सांगितलं. "हा हात आधी तेलगावच्या मनिषाताईंकडे होता. त्यांना लहान मुलगी होती. त्या तापानं गेल्या. वरचा साचा तुमच्या मापाचा केला, आतल्या पट्ट्या त्याच आहेत. कापडाला घडी पडते, तशी पट्ट्यांना सवय पडते. तापवून काढता येईल, पण तुम्ही शिकवलेलंही जाईल."

दिवेलागणीला सासू, सरस्वतीबाई, देवापुढून उठल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. गळ्यातला, बाईची आकृती उठवलेला चांदीचा टाक त्यांनी पुढं धरला.

"ही माझी सवत. मी यायच्या आधीच गेलती. नवं लुगडं हिला दाखवल्याबिगर मी कधी नेसले न्हाई. गेलेल्या बाईला हाकलायचं नसतं, उज्ज्वले. मान देऊन ठेवून घ्यायचं."

त्यांनी रबरी मनगटाला कुंकू लावलं. बोटं अलगद मिटली.

उज्ज्वलानं हात मागं ओढला. "आत्याबाई, तुमची सवत नवऱ्यात वाटेकरी होती. ही माझ्या लेकरात हाय. धनू मला ओळखंना झालीय."

"मग तापवून तिला दुसऱ्यांदा मारतीस का?"

उज्ज्वलानं मॅडमना पुन्हा फोन लावला आणि मनिषाताईंच्या घरचा पत्ता विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर तिघं तेलगावला गेली. धनश्रीला घेऊन अभिमन्यू रस्त्यावरच थांबला. मनिषाची आई, कौशल्याबाई, ओसरीवर कापूस निवडत होत्या. बाजेवर त्यांची नात, मनिषाची लेक, बसलेली. उज्ज्वला तिच्याजवळ टेकली. पोरीची पाठ हाताला लागली आणि हात थोपटू लागला.

पोरीनं वळून पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून ती नुसती मागं सरकली. कौशल्याबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"माझी मनू," एवढंच त्या बोलल्या.

पोरगी निजल्यावर उज्ज्वलानं दातानं पट्टे सोडले.

"आगं, कावून काढतीस? भाकरी कशी थापशील?"

"शिकीन एका हातानं. ही चार्जिंगची वायर. मॅडमला काय सांगायचं ते मी सांगते."

दंडापासून सुटलेला हात पोरीच्या पाठीवर चालूच होता. कौशल्याबाईंनी पोरीवर चादर घातली, आणि हातावरही.

रस्त्यावर येऊन उज्ज्वलानं धनश्रीला उजव्या खांद्याशी घेतलं. लेकरू रिकाम्या बाहीत चाचपत राहिलं, मग ओरडून रडायला लागलं.

"लई रडती गं. परत जायचं का?" अभिमन्यूनं विचारलं.

"न्हाई. चला."

वाटेतलं माजलगाव येईस्तोवर धनश्री रडत होती. उज्ज्वलानं तिला खांद्यापासून दूर केलं नाही.