बिबडे थापायला माणसं

ज्वारीचा घाटा शिजत आला तरी गल्लीतली एकही बाई आली नव्हती. कोकिळेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पातेल्याचा तळ दांड्याने खरवडला आणि पुन्हा दाराकडे पाहिलं.

ज्वारी तिने आईसारखीच केली होती. भिजवून, उपसून, कांडून, मग तीळ-लसूण-तिखटाच्या उकळत्या पाण्यात वैरलेली. आईचे, यशोदाबाईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पातळ पापड, एके काळी शिरपूरच्या दुकानात नावाने मागितले जात. मग पंचायतीच्या निवडणुकीवरून गावात दोन तट पडले, मारामारीत वरच्या गल्लीतला अमृत मेला आणि यशोदाबाईच्या खालच्या गल्लीतली घरं पेटली. यशोदाबाई दोन्ही लेकरांना घेऊन सुरतेला गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत साड्यांना टिकल्या लावता लावता म्हातारी झाली. दर उन्हाळ्यात ती गॅलरीत चार बिबडे घालायची. ऊन लगेच समोरच्या इमारतीमागे जायचं आणि बिबडे आंबायचे. "आपल्या घरावरच्या धाब्यावर एका दिवसात वाळतात," एवढंच म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. त्यानंतर गावाने समेट केला. गाव सोडून गेलेल्यांनी परत यावं असं ठरलं. "तठे काय ठेयेल शे आते?" भाऊ प्रेमराज म्हणाला आणि सुरतेतच राहिला. कोकिळा एकटी आली. माल आईसारखा असेल तर उन्हाळाभर घेऊ, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नाही जमलं, तर पुन्हा त्याच खोलीत टिकल्या.

पण घाटा गरम आहे तोवरच थापावा लागतो. ते एकटीचं काम नाही. म्हणून काल ती घरोघर जाऊन आली होती: या, दिवसाची मजुरी रोख देईन. बायांनी नुसती मान डोलावली होती.

घाट्यावर साय धरू लागली, तेव्हा दारात सावली पडली. शेवंताबाई, वरच्या गल्लीची. अमृत तिचा धाकटा दीर.

"का वं कोकिळा, तुना मजूर नही उनात?"

कोकिळा उठून उभी राहिली.

"तुनी माय कोनले पैसा दे का? आज तिना घर थापो, दुसरा दिन आमना घर. आते तू आम्ले रोजंदार समजस! इतली मोठी शेठाणी हुई गई सुरतमा?"

"तशे नही, अक्का. माले वाटनं, पैसा नही दिधा तं आमना घर कोन ई?"

शेवंताबाईने पदर खोचला, गल्लीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "ज्योती वं! ये लवकर. बठ्ठा घाटा थंडा हुई ऱ्हायना!"

गल्लीतली ज्योती आली, तिच्यामागे आणखी एक बाई. बाकीची दारं बंदच राहिली. चौघींनी धाब्यावर ओली धोतरं पसरली आणि ओल्या हातांनी थापायला घेतलं. कोकिळेचा पहिला बिबडा कडेला जाड झाला.

"पातळ कर. तुनी मायना बिबडामाईन धोतरनी किनार दिखे." शेवंताबाई थापता थापता थांबली. "कशी गई ती?"

"झोपमाच."

"आम्ले कोनी सांगं बी नही."

"कशे सांगतू, अक्का?"

शेवंताबाईने बोटं पाण्यात बुडवली आणि बराच वेळ ती त्यातच ठेवली. कोकिळेला वाटलं, आत्ता आईबद्दल आणखी एखादं वाक्य येईल. कुठलंही, टोमणासुद्धा चालला असता. सुरतेत आईला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. पण शेवंताबाईने पुढचा गोळा उचलला.

निम्मा घाटा थापून झाला. उरलेला घट्ट झाला होता, तो शेजारच्या म्हशीपुढे गेला. दुकानात न्यायला एक टोपली भरेल, इतके बिबडे उन्हात होते. कोकिळेने तांब्याभर पाणी आणलं. बाकी दोघी प्यायल्या. शेवंताबाईने हात धुतले, तोंड पुसलं, पण तांब्यातलं पाणी घेतलं नाही.

जिन्याच्या पायरीवर ती वळली.

"परवा मना घर नागलीना पापड शेतस. ओसरीमा अमृतना फोटो शे. पहिले त्याना पाय पड, मंग लाटाले बैस."

आई असती तर तीही आली असती, हे कोकिळेच्या अगदी ओठावर आलं होतं.

"येसू परवा, अक्का," ती म्हणाली.