दरबारातल्या नजरा

संपादिकेने माझी चोवीस चित्रं टेबलावर ओळीने मांडली, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? या राणीकडे कुणीच का बघत नाहीये?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने राबले होते मी या बाईसाठी. दोन हजार वर्षांपूर्वीची राणी. नवरा लढाईत गेला, मुलगा जेमतेम तीन वर्षांचा, आणि ही सिंहासनावर बसली ती तब्बल एकतीस वर्षं. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तिचं सचित्र चरित्र निघणार होतं. तिचा चेहरा कसा होता ते कुणालाच माहीत नाही, म्हणून मी आरशात बघून माझाच देऊन टाकला, नाक तेवढं जरा सुधारून. दागिने, खांब, घोड्याचा लगाम, सगळं संग्रहालयात खेपा घालून शोधलेलं. आणि ही कालची पोर मला नजरा शिकवणार!

"बघतायत की," मी म्हटलं. "हा प्रधान बघ, तिच्याशीच बोलतोय."

"बोलतोय. पण बघतोय तिच्या हनुवटीखाली. सेनापतीही तसाच, दासीही तशीच. मुलगासुद्धा आईच्या गळ्याकडे बघतोय." तिने एकेका चित्रावर बोट ठेवून दाखवलं. "मुलांना नेमकं सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. दरबाराचं मोठं चित्र पुन्हा करून द्या. शुक्रवारपर्यंत. नाहीतर साहेब म्हणतायत, ते आणि मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ."

दुसऱ्या कुणाकडून! माझी राणी! मी चित्रं गोळा केली आणि चहा न घेताच निघाले.

चूक कुठे झाली ते रविवारी कळलं. लेक परदेशात असते, रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. ती नवे पडदे दाखवत होती आणि मी तिचे डोळे बघत होते. ती बघत होती स्क्रीनवरच्या माझ्याकडे, कॅमेरा होता वर. त्यामुळे तिची नजर माझ्या हनुवटीखालीच पडत होती.

"जरा कॅमेऱ्यात बघ ना," मी म्हटलं.

"मग तू मला कशी दिसशील, आई?"

तेही खरंच. पण तीन वर्षांत माझ्यासमोर बसून बोलणारं माणूस म्हणजे ही एवढी एकच, आठवड्यातून वीस मिनिटं. मी दरबारभर माझी लेकच काढून ठेवली होती. हसू आलं.

आता कुणीतरी समोर बसून माझ्याकडे बघायला हवं होतं. दहा मिनिटं, बस. कुणाला सांगायचं? दूधवाला पिशवी अडकवून जातो. इस्त्रीवाला कपडे मोजताना मान वर करत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं, तर ते बिचारे कौतुकाने बसले आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. मग उरली ताई.

माझी थोरली बहीण बसने वीस मिनिटांवर राहते. तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आई शेवटचे अकरा दिवस इस्पितळात होती आणि माझं मुलांसाठीचं पक्ष्यांचं पुस्तक संपवायचं होतं. रोज म्हणायचे, उद्या येते. गेले तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती. ताई म्हणाली, "झाले का तुझे पक्षी?" त्यानंतर एक शब्द नाही.

बुधवारी तिची बेल वाजवली. तिने दार उघडलं.

"ताई, एक काम होतं."

"काम," ती म्हणाली, पण बाजूला झाली.

मी सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. तिने खिडकीपाशी खुर्ची ओढली. "म्हणजे मी नको, माझे डोळे हवेत. बसते. लवकर आटप."

आणि तिने माझ्याकडे बघितलं, सरळ. माझी पेन्सिल भराभर धावायला लागली. डावी पापणी जराशी झुकलेली, बुबुळाखाली पांढरी रेघ, कडेला बारीक सुरकुत्यांचं जाळं. इतकी छान रेषा महिनोन् महिने आली नव्हती. मी अगदी खुशीत होते.

"तू बघत नाहीयेस," ताई म्हणाली.

"बघतेय की! हे बघ, किती हुबेहूब येतंय."

"पापण्या बघतेयस. सुरकुत्या मोजतेयस. ती पेन्सिल ठेव खाली."

ठेवली. वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असणार म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते, पण राग नव्हताच. ती दमली होती, आणि वाट बघत होती. तेवढ्यात मला कळलं की मी फार एकटी आहे आणि ते हिला स्वच्छ दिसतंय. सांगायला लाज वाटते, पण मी पाच आकडे मोजेपर्यंतसुद्धा टिकले नाही. खिडकीचे गज बघायला लागले.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

दाराशी ती म्हणाली, "पुस्तक आलं की पोस्टाने पाठवू नकोस."

गुरुवारी दरबार नव्याने काढला. खांबाजवळच्या दासीला ताईचे डोळे दिले. मग राणीची नजर तिच्याकडे वळवायला बसले. तीनदा खोडलं. कागदाचा पार भुगा व्हायची वेळ आली. शेवटी राणीला खिडकीबाहेर बघत ठेवलं.

"ही दासी! हेच हवं होतं मला," शुक्रवारी संपादिका खूश झाली. मग तिने चित्र जवळ घेतलं. "पण राणी हिच्याकडे का बघत नाही?"

"तिला जमत नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं असावं, मी टेबलाकडे बघत होते. "राहू दे," ती म्हणाली. "असंच छापू."

पुस्तक आलं त्याला आता दोन महिने झाले. लेकीला व्हिडिओवर पानं उलटून दाखवलं. ताईची प्रत पिशवीत घालून ठेवली आहे. काल ती घेऊन बसस्टॉपवर गेले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर थांबला. "येताय ना बाई?"

"पुढच्या बसने जाते," मी म्हटलं.

पुढचीही गेली.