रोमच्या राजाची बासुंदी

माहीम गावात आमच्या वाडीत शूटिंग आलं. जुन्या रोममधले श्रीमंत लोक खाऊन खाऊन कसे बिघडले, असा पिक्चर. झाडांना उलट्या खुर्च्या टांगलेल्या, टेबलावर बासुंदीचं भांडं आन् जिवंत बदक. मला चादर गुंडाळून राजा केला. मी सगळ्या गावाला सांगून बसलो होतो.

पण राजा पायजे क्रूर, पाहुण्यांना बळंच खाऊ घालणारा, आन् मी दोनदा चुकलो. डायरेक्टर रूपलबाई बोलली, "तात्या, आता नाही जमलं तर शेजारच्या बेटेगावच्या माणसाला राजा करीन."

माझी बायको सुलू मेजवानीतली पाहुणी बनून, रोमवाल्यांसारखी जेवायला आडवी पडलेली. ती कुजबुजली, "आवो, पोरीच्या लग्नात वाढत होता ना, तसंच करा."

मी बासुंदीचं भांडं उचललं. "व्याही, अजून एक वाटी! माझ्या गळ्याची शपथ हाय!" पाहुणे बनलेल्या सगळ्या गाववाल्यांनी सवयीनं वाटीवर हात आडवे धरले. मी बोटांच्या फटींतून ओतली. "तात्या, पुरे! मरू आमी!" दोघं तर उठून पळाले. बदक पण पळालं.

"कट!" रूपलबाईच्या अंगावर काटा आलेला. "एवढा दुष्टपणा शिकलात कुठं?"

"दुष्टपणा कसला, बाय? तुमी एक वाटी घ्या आधी."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. राजा मीच राहिलो.