पाचची रेघ

औषधाच्या पेल्यावरची पाचची रेघ सिस्टरनी बोट ठेवून दाखवली होती, आणि ताई आठवडाभर अडीचवरच थांबत होती.

एरवी मापाला पक्की बाई. वीस वर्षांच्या शिवणकामात एकाही गिऱ्हाइकाचं कापड तिनं सूतभर आखूड कापलं नव्हतं. पण हे मॉर्फिन होतं. धाकट्या भावाला वॉर्डातून घरी आणलं त्याच दिवशी मावशी कानाशी लागली होती, "त्या औषधानं माणूस झोपतो तो उठतच नाही गं." एचआयव्हीवरची औषधं आता लागू पडत नव्हती. भाऊ जाणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. फक्त आपल्या हातून नको. म्हणून दर चार तासांनी ती अर्धंच द्यायची आणि वहीत पूर्ण लिहायची.

आज सकाळी सिस्टर घरी आल्या आणि त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "ही तर कालच संपायला हवी होती."

ताईनं वही मिटली. सिस्टर भावाच्या पायांवरची चादर सारखी करायला गेल्या, तसा तो कळवळला. तळपायांना नुसतं कापड लागलं तरी त्याची आग व्हायची.

"हिला रागावू नका," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अख्ख्या गावाला मापात शिवते, मलाच तेवढं आखूड कापते."

"मग बोलला का नाहीस रे?" ताईनं विचारलं.

"तुझा हात कापत होता. म्हटलं, दुखलं तर दुखू दे. मी गेल्यावर तुझ्या जिवाला घोर नको."

"वॉर्डात पूर्ण मापच घेत होता हा," सिस्टर म्हणाल्या, "आणि रोज सकाळी उठून मला चिडवत होता. त्याला नेईल तो आजार, हे औषध नाही. ओता आता, माझ्यासमोर."

पहिल्यांदा सांडलं. पुसून तिनं पुन्हा ओतलं. तो प्यायला. सिस्टर तासभर थांबल्या, श्वास मोजले, फोन नंबर भिंतीवर लिहून गेल्या.

मग घरात दोघंच उरली. तो झोपला. इतका गाढ की ताईला राहवेना. तिनं रिळाचा दोरा तोडून त्याच्या नाकाशी धरला. दोरा हलला. थांबला. पुन्हा हलला. मशीनवर अर्धवट झगा तसाच पडून राहिला, आणि ती दोरा धरून बसली.

दोन वाजले. पुढच्या औषधाची वेळ.

"अरे, ऊठ."

तो हलला नाही.

"ऊठ ना रे, माझ्या राजा!"

"काय गं," डोळे न उघडताच तो पुटपुटला, "आठवड्यानं डोळा लागला होता."

चादर त्याच्या तळपायांवरच होती. त्यानं ती झटकली नव्हती.

ताईनं पेला उचलला. हात अजून कापतच होता. रेघेपर्यंत येईतो ती ओतत राहिली.